बसून जेवायची अट

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचे चिटणीस मला गाठून म्हणाले, "दत्ता, विलायतेला दोनदा जाऊन आलास, एकदा तरी लिही." मी बरेच दिवस टाळलं. विलायतेवर लिहिणारी माणसं राणीचा राजवाडा, मेणाचे पुतळे आणि नदीवरचे पूल यांबद्दल लिहितात. त्यातलं मी फारसं काही पाहिलेलं नाही. शिवाय पहिल्या वेळी मी कसा परत आलो ते सगळ्या बार्शीला माहीत आहे. दुसऱ्यांदा कसा गेलो ते मात्र घरच्यांशिवाय कुणाला नीट सांगितलेलं नाही. म्हणून त्या दुसऱ्या प्रवासाबद्दलच लिहितो. लिहायची सवय नाही, तेव्हा मागेपुढे होईल.

पहिली हकीकत थोडक्यात सांगायला हवी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील शिवणकाम करतात. मी इंजिनियर झालो आणि एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर वेल्समधल्या कार्डिफला गेलो. विषय होता पाणी शुद्ध करण्याचा. पासपोर्टवर शिक्का होता की परवानगीशिवाय कामधंदा करायचा नाही. नोकरी म्हणजे कारखाना, दुकान, ऑफिस, असं माझ्या डोक्यात होतं. सुट्टीत लंडनला गेलो की आपल्या लोकांच्या लग्नामुंजीत मी वाढायला उभा राहायचो. बार्शीत गल्लीतल्या कुणाचंही लग्न असलं की आम्ही पोरं कमरेला टॉवेल गुंडाळून वरणाची बादली उचलतो. त्याला कुणी काम म्हणत नाही. फरक इतकाच की तिकडे कार्य उरकल्यावर केटरर बंडूशेठ हातात पाकीट ठेवायचे. पहिलं पाकीट घेताना मला खरोखर काही वाटलं नाही. पुढे कळत होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. एका लग्नात हॉलवर अधिकारी आले. त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. प्रबंध अर्धा टाकून मला परत पाठवण्यात आलं, तेही हद्दपारीच्या हुकुमासकट.

तो हुकूम मागे घेतला जाईपर्यंत काही वर्षं गेली. मधल्या काळात मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात चिकटलो. कार्डिफच्या माझ्या प्राध्यापकांनी कळवलं होतं की तो अभ्यासक्रम आता बंद होतोय आणि ही शेवटची तुकडी. आलास तर या वर्षी ये, पुढे माझ्या हातात काही नाही. मुंबईच्या व्हिसा ऑफिसात दोनदा मुलाखत झाली. तिसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला. पण काचेमागच्या माणसाने बजावलं, "हा व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते हीथ्रोवरचा अधिकारी ठरवेल."

हीथ्रो

विमान सकाळी उतरलं. बाहेर पाऊस पडत नव्हता, पण पडून गेल्यासारखं सगळं ओलं होतं. रांगेत माझा नंबर आला. अधिकारी पन्नाशीची बाई होती, चष्म्याला साखळी लावलेली. तिने पासपोर्ट पाहिला, नावांचं एक जाड पुस्तक उघडलं, बंद केलं आणि भिंतीकडेच्या बाकाकडे बोट दाखवलं.

त्या बाकावर मी बराच वेळ होतो. माझ्याबरोबर विमानात असलेली सगळी माणसं निघून गेली. दुसऱ्या विमानातली आली, तीही गेली. मग माझी बॅग आणली आणि टेबलावर उघडली. कपड्यांखाली आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी होती आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. आमच्या सोलापूरकडची ही वस्तू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीची पातळ भाकरी वाळवून पापडासारखी कडक करतात, प्रवासात ती खराब होत नाही.

बाईने एक भाकरी हातात घेतली. टेबलावर आपटून पाहिली. टक्‌ असा आवाज झाला.

"हे काय आहे?"

"ब्रेड."

"ब्रेड?" तिने पुन्हा आपटली. "किती दिवस टिकतो?"

"महिनाभर तरी."

"आणि तुम्हाला इथे किती दिवस राहायचंय?"

मी म्हणालो, "प्रबंध पुरा होईपर्यंत. एक वर्ष." तिने भाकरी जशी होती तशी फडक्यात गुंडाळून ठेवली. गाठसुद्धा मारली. मला थोडा धीर आला.

मग ती बाहेर गेली. मला न्यायला नलूकाकू येणार होत्या. नलूकाकू प्रधान म्हणजे स्टॅनमोरच्या. त्यांचे यजमान तिथल्या हॉस्पिटलात भुलीचे डॉक्टर. आमचं नातं काही नाही. पहिल्या वेळी मला विमानात बसवेपर्यंत जिथे ठेवलं होतं, तिथे त्या डब्यात शिरा घेऊन भेटायला आल्या होत्या. ओळख म्हणाल तर एवढीच, की त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मी त्यांना मठ्ठा वाढला होता. या खेपेला सुट्टीत कुठे राहणार, या रकान्यात मी त्यांचा पत्ता दिला होता.

बाई परत आली ती चेहरा बदलून. समोर बसली.

"मिसेस प्रधानांशी बोलले. फार प्रेमळ बाई आहेत."

"हो."

"त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या मुलीला तुमची भाषा शिकवणार. बागेचं गवत कापणार. स्वयंपाकात तर तुमचा हात फार चांगला आहे. घरात एक मिनिट रिकामे बसत नाही, असंही म्हणाल्या." तिने पेन खाली ठेवलं. "मी त्यांना विचारलं होतं, हा तरुण तुमच्याकडे काय करणार? त्यांनी मला सगळी कामं सांगितली. आता मला तुम्ही सांगा, मी यातून काय समजायचं?"

काकू काय बोलल्या असतील ते मला त्यांच्या आवाजासकट ऐकू येत होतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे एखाद्या मुलाची शिफारस करताना तो हुशार आहे असं कुणी सांगत नाही. हुशार तर सगळेच असतात. तो घरात आपल्या माणसासारखा वावरतो, बसून खात नाही, असं सांगतात. काकू जीव तोडून माझी स्तुती करत होत्या, आणि त्या स्तुतीचा एकेक शब्द माझ्या विरुद्ध जात होता.

माझं इंग्रजी घाबरलो की अडतं. तरी बोललो. म्हणालो, "मॅडम, ही नोकरी नाही. त्या माझं कौतुक करत होत्या."

"कौतुक?"

"आमच्याकडे पाहुणा म्हणून गेलेला मुलगा नुसता बसून राहिला तर त्याला वळण नाही असं म्हणतात. पुढच्या वेळी बोलावतात, पण मनापासून नाही."

"मागच्या वेळी लग्नात वाढत होता, तेही वळण म्हणून?"

"सुरुवातीला तसंच. पण पैसे घेतले, तिथे वळण संपलं. ते मला आता कळतं."

मग तिने एक प्रश्न विचारला. मुंबईत दोन मुलाखती झाल्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"समजा, पुढच्या महिन्यात तुमच्या लोकांचा समारंभ आहे. वाढायला माणसं कमी आहेत. तुमच्या आईच्या वयाच्या बायका वाढतायत आणि कुणीतरी तुमच्या हातात भांडं देतं. पैसे नाहीत, फक्त भांडं. तुम्ही काय कराल?"

मी विचार केला. खरंच केला, कारण ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"बसून राहीन."

"कसं दिसेल ते?"

"फार वाईट दिसेल," मी म्हणालो. "पण बसेन."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पासपोर्ट उचलला. वर्षाऐवजी तीन महिन्यांचा शिक्का मारला. म्हणाली, "तीन महिन्यांनी कॉलेजचा दाखला जोडून मुदत वाढवून मागा. तोपर्यंत काही कानावर आलं नाही तर मिळेल. तुमच्या लोकांमध्ये स्वतःचं ताट स्वतः धुतात का?"

"धुतात."

"तेवढं धुवायला हरकत नाही."

स्टॅनमोर

काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. मला बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच बोलणं सुरू झालं. "किती वेळ लावला रे! मी त्या बाईला इतकं चांगलं सांगितलं, इतकं चांगलं, की म्हटलं आता हा हसत हसत बाहेर येणार! म्हटलं, मॅडम, ही इज लाइक अवर ओन सन, घरातलं सगळं बघतो—"

गाडीत मी हळूच सांगितलं. काकू एकदम गप्प झाल्या. माझ्या ओळखीत त्या पहिल्यांदाच गप्प झाल्या असतील. डॉक्टरकाका गाडी चालवत होते. ते तसे कमी बोलतात, बहुतेक झोपलेल्या माणसांच्या सहवासामुळे. थोड्या वेळाने म्हणाले, "नलू, पुढच्या वेळी सांग, मुलगा अत्यंत आळशी आहे, इकडची काडी तिकडे करत नाही."

"अहो, तुम्ही गप्प बसा. माझ्यामुळे पोराचे नऊ महिने गेले."

"गेले नाहीत काकू, मिळायचेत."

"तेच ते!"

स्टॅनमोर हे लंडनच्या वायव्येला आहे. मेट्रोची गाडी तिथे संपते. विटांची जोडघरं, पुढे गुलाब, मागे हिरवळ, आणि सकाळी साडीवर कोट घालून स्टेशनकडे चालणाऱ्या बायका. काकूंच्या देवघरात हीटरच्या वर गणपती होता. थंडीत त्यालाही बरं वाटत असेल. जेवायला वरणभात, बटाट्याची भाजी आणि ब्रोकोली नावाची एक भाजी होती. दिसायला फुलकोबीची हिरवी बहीण. काकूंनी तिला मोहरी-हिंगाची फोडणी दिली होती.

त्या घरात मी चार दिवस राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुणा झालो. पंधरा वर्षांची केतकी, काकूंची मुलगी, माझ्यावर पहारा करत होती. ती तिथेच जन्मलेली. तिचं मराठी ऐकायला गोड, पण चालीने इंग्रजी.

"दत्तादादा! पुट इट डाउन! तो माझा कप आहे, तुझी नाही."

"अगं, सिंकपर्यंत नेतो फक्त."

"नो. लेडीने काय सांगितला? ओन्ली युअर प्लेट."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. आई फोनवर सगळ्या वर्ल्डला सांगते."

शनिवारी शेजारचे गोरे गृहस्थ गवत कापत होते. डॉक्टरकाकांचंही गवत वाढलेलं. काका यंत्र घेऊन बाहेर आले आणि मी खिडकीत उभा राहून, साठीला आलेला माणूस ते यंत्र ढकलताना पाहत राहिलो. शेजाऱ्यांनी मला बघून हात केला. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नसणार. त्यांच्याकडे पाहुण्याने खिडकीत उभं राहायचं असतं. मला मात्र हात उलटा करून दाखवावासा वाटत होता, की बघा, या हाताला काही झालेलं नाही.

कार्डिफ

कार्डिफची गाडी पॅडिंग्टनवरून सुटते. सपाट शेतं, मेंढ्या, पुन्हा शेतं. मग गाडी सेव्हर्न नदीच्या खालून जाते. बोगद्यात कान बंद होतात, आणि बाहेर पडलो की वेल्स. स्टेशनच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. त्यातल्या एका भाषेत स्वर इतके कमी की मला वाटायचं, पाऊस टाळण्यासाठी ही माणसं तोंड जास्त उघडत नसावीत. पाऊस तिथे पडत नाही, हवेतच असतो. छत्रीचा उपयोग होत नाही, कारण तो खालूनही येतो.

माझी जुनी घरमालकीण मिसेस मॉर्गन. सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. मी गेलो तो पुस्तकं, बूट, सगळं तिथेच टाकून गेलो होतो. पत्र पाठवून विचारायची हिंमत झाली नव्हती. दार उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चहाला उशीर केलास, बाळ."

बस्स. इतक्या वर्षांबद्दल त्या तेवढंच बोलल्या. वरच्या खोलीत माझे बूट होते, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे घातलेले, आकार बिघडू नये म्हणून. माझ्या वडिलांनीही कोटाच्या खांद्यांत असेच कागद घातले असते. मी पलंगावर बसलो आणि थोडा वेळ खाली गेलो नाही.

मिसेस मॉर्गन एका जाड लोखंडी तव्यावर छोटे गोड केक भाजायच्या. तवा पाहून मी म्हणालो, हा आमच्या घरचाच आहे. केक म्हणजे मनुका घातलेल्या दशम्या. मी त्यांना कडक भाकरी दाखवली. त्यांनीही ती टेबलावर आपटून पाहिली. त्या देशात भाकरीची ओळख आवाजाने करून घेतात असं दिसतं. त्या दिवशी कांद्याच्या पातीसारख्या लांब भाजीचं आणि बटाट्याचं सार होतं. मी भाकरी चुरून सारात भिजवली, आमटीत चुरतो तशी. त्यांनी माझं पाहून चुरली. खाऊन म्हणाल्या, "माझी आजी शिळा पाव असाच खायची. आम्ही लाजायचो."

बाजारातून येताना मी त्यांची पिशवी घेतली. घरी आल्यावर त्यांनी केक पुढे केला आणि माझा हात मध्येच थांबला. पिशवी उचलली, केक मिळाला. ही काय मजुरी झाली? दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला विचारलं. तो तरुण मुलगा आधी हसला. मग माझं तोंड पाहून हसू आवरलं आणि म्हणाला, "केक खा. पण तुम्हाला इतकी भीती वाटते, याचं मला वाईट वाटतं."

प्रयोगशाळेत माझी वाळूची नळी तशीच उभी होती. ज्यातून गढूळ पाणी सोडून आम्ही ते किती स्वच्छ होतं ते पाहायचो, ती माणसाच्या उंचीची काचेची नळी. वाळू वाळून भेगाळली होती. प्राध्यापक म्हणाले, "ती काढून टाकणं माझ्याच्याने झालं नाही. आणि आळसही होता." मी सगळी वाळू काढून धुतली आणि पुन्हा थर लावायला बसलो. त्या दिवशी मला कुणी थांबवलं नाही. हे काम माझं होतं.

पुन्हा स्टॅनमोर, दिवाळी

दिवाळीला काकूंनी बोलावलं. नाही म्हणवेना. तिथली मराठी मंडळी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतात. डॉक्टर, इंजिनियर, बँकेतले लोक, त्यांची मुलं. बास्केटबॉलच्या रेषांवर रांगोळी काढलेली. आधी लहान मुलांची गाणी, मग जेवण. जेवणासाठी शाळेची लांब टेबलं जोडून पंगत करतात. आधी पुरुष आणि मुलं बसतात, बायका आणि तरुण मुलं वाढतात. नंतर बायका. पुण्यातून निघून वीस वर्षं झाली तरी ही रीत त्यांनी तशीच नेली आहे. केतकी याला 'सो अनफेअर' म्हणायची, पण वाटी घेऊन उभी राहायची.

मी आत शिरलो आणि समोर बंडूशेठ. स्वयंपाकाचं कंत्राट त्यांचंच होतं. मला पाहून ते ओशाळले, आणि ओशाळले म्हणून मोठ्याने बोलू लागले.

"अरे दत्तोबा! आलास! तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, कुणी विचारलं तर म्हणायचं, पाहुणा आहे. तू हरिश्चंद्राचा अवतार!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं, ऐक. माझी दोन पोरं आली नाहीत. मसालेभात तेवढा फिरव. पाकीट देत नाही, मग तर झालं?"

त्यांनी भाताचं भांडं माझ्यापुढे केलं. वाफ तोंडावर आली. अगदी तेच, त्या साखळीवाल्या बाईने विचारलेलं. आणि खरं सांगतो, माझे हात पुढे झाले होते.

"नाही बंडूशेठ. मला बसायचंय."

"बसायचंय? अरे, कोण बघतंय इथे?"

"कुणी नाही. पण मी सांगून आलोय."

मी पंगतीत जाऊन बसलो. मांडीवर हात घट्ट धरून. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं असतील, आणि मला वाटत होतं सगळी माझ्याकडे बघतायत. काही खरंच बघत होती. वाढायला माणसं कमी पडली म्हणून माझ्यासमोर पुरी घेऊन आले ते एक आजोबा, पंचाहत्तरीचे तरी, एका हातात काठी. पलीकडचे गृहस्थ मला ऐकू येईल असं म्हणाले, "हल्लीची मुलं. म्हातारा वाढतोय आणि हे बसलेत साहेबासारखे." मी मान वर केली नाही. या एका गोष्टीसाठी मी कितीही वेळ मान खाली घालायला तयार होतो, पण ते इतकं जड जाईल असं हीथ्रोवर वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची ओढली गेली. नलूकाकू. हातातली कोशिंबिरीची वाटी त्यांनी टेबलावर ठेवली, पदर खोचलेला होता तो सोडला, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"काकू, पुरुषांची पंगत आहे."

"माहितीये मला. वीस वर्षं वाढतेय ही." मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो डॉक्टर! मला वाढा."

गलका थांबला. डॉक्टरकाका पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पुरी मोडत होते. त्यांनी वर पाहिलं. "मी?"

"हो, तुम्ही. आज मीही पाहुणी आहे. या मुलाची तारीफ करायला गेले आणि जवळजवळ परत धाडला त्याला. का, तर म्हणे बसत नाही हा घरात! तर आता बसलाय तो. सरकारला सांगून बसलाय. त्याला कुणाला काही बोलायचं असेल तर आधी मला बोला, मी शेजारीच आहे."

क्षणभर काय होईल ते कळेना. मग केतकी ओरडली, "येस, आई!" आणि हातातलं भांडं सरळ आपल्या बाबांना दिलं. ती माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. तिच्यामागून एक मावशी बसल्या, मग आणखी दोघी. "बसा गं, एकदा तरी गरम पुरी खाऊ." पुरुष उठायला लागले. एका हृदयरोगतज्ज्ञांच्या हातात मठ्ठ्याचा जग आला आणि ते त्याच्याकडे, पेशंटचं भलतंच निदान निघाल्यासारखे पाहत राहिले. डॉक्टरकाकांनी कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला न वाढता थेट भातावर घातली, तीही चार माणसांना पुरेल एवढी.

"अहो, डावीकडे!"

"तुझं डावं की माझं?"

मला टोमणा मारलेले गृहस्थ उठले. जिलबीचं ताट घेऊन माझ्यापाशी आले आणि थोडे घुटमळले. "मला माहीत नव्हतं," म्हणाले, आणि दोनऐवजी चार जिलब्या वाढल्या. काठीवाल्या आजोबांना कुणीतरी माझ्यासमोर बसवलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं बाबा. माझे गुडघे सकाळपासून हेच म्हणत होते."

जेवण झाल्यावर मी माझं ताट उचललं, शाळेच्या सिंकपाशी गेलो आणि धुतलं. स्वच्छ धुतलं, पुसलं आणि ठेवलं. शेजारी भांड्यांचा ढीग होता. त्याला हात लावला नाही.

मुदतवाढीचा अर्ज मी कॉलेजच्या दाखल्यासह पाठवला. नाताळाच्या आधी एका पावसाळी सकाळी पोस्टमन पाकीट घेऊन आला. मिसेस मॉर्गननी ते मला स्वयंपाकघरात आणून दिलं आणि उघडताना पाठ फिरवून उभ्या राहिल्या. नवा शिक्का होता, पुढच्या शरदापर्यंतचा. मी काही बोलायच्या आत त्यांनी तवा शेगडीवर ठेवला.

बार्शी

प्रबंध पुरा झाला. वाळूच्या नळीतून शेवटी जे पाणी आलं ते मी एका बाटलीत भरून प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, ही बाटली मी ठेवून घेणार, वर्ग बंद झाला तरी. शिक्क्यावरची तारीख यायच्या पुष्कळ आधी मी परत निघालो. हीथ्रोवर जातानाच्या रांगेत मी ती चष्म्याची साखळी शोधली, पण जाणाऱ्यांच्या बाजूला त्या बाई नसाव्यात. त्यांना सांगायचं होतं, की वाईट दिसलं, पण तितकंही नाही.

आल्यावर पंधरवड्यातच गल्लीत लग्न निघालं, आमच्या समोरच्या घरी. मांडवात पाऊल टाकलं तर मुलीचे काका पुढे आले. "या, या, विलायतेचे साहेब! पहिल्या पंगतीला तुम्ही. इथे, पंख्याखाली." कुणी पाट पुसला, कुणी पाण्याचा तांब्या आणला. माझ्याबरोबर शाळेत असलेली पोरं बादल्या घेऊन उभी होती. त्यांनीही मला वाट करून दिली. वडील मांडवाच्या खांबापाशी होते. गळ्यात मापाची फीत तशीच, दुकानातून सरळ आलेले. नुसते पाहत होते, मी काय करतो ते.

मी म्हणालो, "काका, तिकडे खूप बसून झालं."

वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मी तो कमरेला गुंडाळला, वरणाची बादली उचलली, आणि पहिल्या पानापाशी वाकून विचारलं, "वरण?"